त्या हिवाळ्यातली सतरंजी

थंडी पडायला लागली की पुण्याला गाण्याचं वेड लागतं आणि मला राग यायला लागतो. लोक म्हणतात, गुलाबी थंडी. कसली डोंबलाची गुलाबी? सकाळी वारज्याच्या पुलावर धूर आणि धुकं यांचा लगदा झालेला असतो, स्कूटरवर नाक गळत असतं आणि प्रत्येक सिग्नलला कोणाच्या तरी मैफलीचा फलक लागलेला असतो. गेल्या आठवड्यात स्वारगेटच्या चौकात एक भलाथोरला फलक लागला. चार म्हातारे, काळे गॉगल, रंगवलेले केस, गिटारी अशा धरलेल्या की जणू कोणाच्या तरी टाळक्यात घालणार आहेत. खाली लिहिलंय, 'ते परत येत आहेत.'

या म्हणावं. कोणी अडवलंय?

त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. फुकटची जाहिरात करायला मी काही त्यांची मावशी नाही. इतकंच सांगते की आम्ही कॉलेजात होतो तेव्हा या चौघांच्या नावाने अख्खं कॉलेज खुळं झालं होतं. इंग्रजीत गाणारे आपल्याच देशातले चार पोरगे, लांब केस, फाटक्या जीन्स. त्यांची कॅसेट ज्याच्याकडे नाही तो माणसात नाही. आमच्याकडे ती होती, आणि ती वाजवून वाजवून इतकी झिजवली होती की दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं पाण्याखालून आल्यासारखं यायचं.

फलक लागला त्याच दिवशी आमच्या फोनवरच्या ग्रुपवर सुहासचा निरोप आला. सुहास म्हणजे आमचा गिटारवाला. आता त्याची सॉफ्टवेअरची कंपनी आहे आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्याने लिहिलं, "लोकहो, परत संधी! मागच्या वेळी आपण तिघं अगदी पुढे होतो, आठवतंय ना?" मीनलने लगेच पाच बदाम टाकले. मीनल आमची गायिका.

तिघं. मी तो शब्द वाचला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, तिघं कसे? चौघं होतो. चौथा युनूस.

आमची गँग सुहासच्या एरंडवण्यातल्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये जमायची. नोव्हेंबरातली संध्याकाळ, फियाट बाहेर काढलेली, आत तेलाचा आणि सुहासच्या आईने टाकलेल्या लोणच्याच्या बरण्यांचा वास. मी पेटी शिकलेली, म्हणून मला कीबोर्ड दिला होता. आणि कोपऱ्यात युनूस त्याचे ड्रम लावत बसायचा. ड्रम म्हणजे काय, त्याच्या अब्बांचं लग्नाच्या वरातीचं बँड पथक होतं नाना पेठेत, तिथला मोठा ढोल, बाजूचे दोन छोटे ड्रम आणि टेबलफॅनच्या स्टँडवर बसवलेली एक झांज. तो हे सगळं सायकलवर बांधून आणायचा. हात असा की गॅरेजच्या शटरला घाम फुटावा. सुहासची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, त्या मुलाला म्हणावं जरा हळू!" आणि मग स्वतःच चहा घेऊन दारात उभी राहून ऐकायची.

युनूस ऐकायचा मात्र आमच्या सगळ्यांहून वेगळा. आम्ही गाणं ऐकायचो, तो माणूस ऐकायचा. त्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं सगळ्यात गाजलेलं. त्यात मध्ये एकदम सगळे थांबतात. चार ठोके कोणीच काही वाजवत नाही, आणि मग धाडकन ड्रम सुरू होतो. त्या शांततेत, अगदी शेवटी, एक बारीक 'टक' येतो. मी ते गाणं शंभर वेळा ऐकलं होतं, मला कधी ऐकू आला नव्हता. युनूसने कॅसेट मागे-पुढे करून दाखवला.

"काडी कडेला लागलीय त्याची," तो म्हणाला. "चुकलाय गडी. आणि ठेवलंय तसंच."

"मग? वाईट आहे का ते?" मी विचारलं.

"वाईट? वेडी आहेस का? तेवढ्यानेच तर कळतं की आत माणूस बसलाय."

एकदा आम्ही सगळे त्याच्या अब्बांच्या दुकानात गेलो होतो. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं. सुहासने मोठ्या ऐटीत त्यांना तो 'टक' ऐकवला, जणू त्यानेच शोधून काढला होता. चाचांनी, म्हणजे युनूसच्या अब्बांनी, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "हाताची चूक आहे. हाताची चूक दोनदा तश्शीच्या तश्शी होत नाही, बेटा. झाली तर समजायचं, हात नाहीच तिथे." आम्ही माना डोलावल्या. मोठ्या माणसांच्या बोलण्याला माना डोलवायची सवयच होती आम्हांला, कळो न कळो.

आणि मग त्याच हिवाळ्यात तो बँड पुण्यात येणार असं जाहीर झालं. काय तो गाजावाजा! पेपरात, भिंतींवर, कॉलेजच्या फळ्यावर. युनूसला बाकी कशाचं काही नव्हतं. तो एकच म्हणायचा, "मला ती चार ठोक्यांची जागा बघायचीय. समोर बसून बघायचीय, तिथे तो काय करतो ते." महिनाभर दुसरं बोलणं नाही. लग्नसराईचे दिवस, पथकाला रोज वराती. तरी त्याने अब्बांकडून त्या एका संध्याकाळची सुटी मागून घेतली होती.

आता मी आम्हां पुणेकरांविषयी बोलते, आणि मला कोणी थांबवू नये.

आम्हांला कुठल्याही मैफलीला एकाच पद्धतीने जाता येतं. समोर जगबुडी जरी होणार असली तरी आम्ही दोन तास आधी पोचणार, सतरंजी अंथरणार, न आलेल्यांसाठी रुमाल टाकून जागा धरणार, थर्मास काढणार आणि मागच्याला सांगणार, "ओ, जरा खाली बसता का? आम्हांलाही डोळे आहेत." त्या रॉकच्या कार्यक्रमालाही आम्ही सतरंजी घेऊन गेलो. माझ्या घरची, लाल-निळ्या पट्ट्यांची. मीनलच्या आईने पोळीचे लाडू दिले होते. स्वारगेटजवळच्या त्या मैदानावर चार वाजता उन्हात आम्ही अगदी पुढे सतरंजी टाकली आणि चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. जगात रॉक ऐकायला लोक उभे राहतात, नाचतात, घाम गाळतात. आम्ही मांडी घालून बसलो. आजूबाजूला तीन-चार सतरंज्या आणखी होत्या, म्हणजे खुळे आम्ही एकटेच नव्हतो.

आणि माझ्या पिशवीत शालीखाली बाबांचा छोटा टेपरेकॉर्डर होता. बाबा शास्त्रीय मैफली असेच चोरून टेप करायचे. बाबांनी मला आणखी एक शिकवलं होतं, मैफलीत बोलायचं नाही. खोकलासुद्धा आवंढ्याबरोबर गिळायचा. लहानपणी एकदा मी मध्येच "बाबा, हे संपणार कधी?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी मांडीला असा चिमटा काढला होता की दोन दिवस वळ होता. पुण्यात चांगल्या घरातलं मूल असं घडतं. ऐकायला शिकण्याआधी आम्ही गप्प बसायला शिकतो, आणि मरेपर्यंत दोन्ही एकच समजतो.

बँड दीड तास उशिरा आला. आले तेही पुण्यावर उपकार केल्यासारखे. दिवे लागले, धूर सोडला, मागची पोरं किंचाळायला लागली. पहिली दोन गाणी झाली. सुहास डोळे मिटून डोलत होता, मीनल रडत होती. मी रेकॉर्डर मांडीवर शालीत धरला होता. युनूस मात्र पुढे वाकून एकटक ड्रमवाल्याकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर आठी होती. मला वाटलं, ऊन लागलं असेल दुपारचं.

मग ते गाणं आलं. ती जागा आली. सगळे थांबले. ड्रमवाल्याने दोन्ही हात वर केले, काड्या डोक्यावर, मान मागे, फोटोसाठी उभा राहावा तसा. एक. दोन. तीन. चार.

टक.

हात वरच होते त्याचे.

युनूस ताडकन उभा राहिला. "टेप आहे!" तो ओरडला. "अरे, टेप लावलीय यांनी! वाजवत नाहीयेत, बघा, तो वाजवत नाहीये!" त्याच्या आवाजात जे होतं ते मला आज नीट सांगता येतं, तेव्हा आलं नाही. ते रडू होतं. महिनाभर वाट पाहिलेल्या जागेवर त्याला माणूस भेटला नव्हता.

आणि मी काय केलं? मी त्याची बाही ओढली आणि म्हणाले, "शू! खाली बस ना!"

झालं. मागून "ए, बस खाली," "कोण आहे रे तो," सुरू झालं. छातीवर बिल्ले लावलेले दोन स्वयंसेवक आले आणि त्याची कॉलर धरून त्याला फाटकाकडे ओढत घेऊन गेले. जाताना त्याने वळून आमच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी अर्धी उठले होते. खरंच उठले होते. तेवढ्यात सुहास म्हणाला, "जागा सोडू नकोस, मागचे घुसतील." आणि मी परत बसले. पुढची पाच गाणी मी बसून ऐकली. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सुहास म्हणाला, "वरातीत वाजवणाऱ्याला रॉक काय कळणार?" सगळे हसले. मी पण हसले. हे एवढं वाक्य लिहायला मला सत्तावीस वर्षं लागली.

शिवाय मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात लेख लिहिला. 'जिवंत वादनाचा थरार.' मथळा माझाच. मराठीच्या सरांनी खाली लाल शाईने 'छान' लिहिलं. लोक थांबून थांबून वाचायचे, आणि मी शहाणी लांब खांबाआड उभी राहून ते बघायची. युनूसनेही वाचला. वाचून झाल्यावर तो सायकलला टांग मारून गेला. गॅरेजमध्ये तो पुन्हा आला नाही, आणि आम्ही कोणी त्याला बोलवायला नाना पेठेत गेलो नाही. चालत गेलं तरी तासाची वाट नव्हती.

आठेक दिवसांनी, एका दुपारी घरी कोणी नसताना, मी माझं रेकॉर्डिंग लावलं. शेजारी दुसऱ्या टेपवर मूळ कॅसेट. तीच जागा, आधी एक, मग दुसरी. मग परत. 'टक' तोच होता. तितकाच बारीक, तितकाच उशिरा, धाडकन होण्याआधी त्याच अंतरावर. चाचा सांगून गेले होते, हाताची चूक दोनदा तशीच होत नाही. मला गाण्यातलं कळत होतं हो, मी काही औरंगजेब नव्हते. मला त्या दुपारी शंभर टक्के कळलं की युनूस खरं बोलत होता.

मग मी ती कॅसेट घेऊन कोणाकडे गेले? कोणाकडेच नाही. भिंतीवर माझा लेख लागला होता ना, 'छान' लिहिलेला. आणि दुसरंही एक कारण होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये 'टक'नंतर युनूसचं ओरडणं येतं, आणि त्याच्यावर, रेकॉर्डरच्या अगदी तोंडाशी, सगळ्यांत स्पष्ट, बँडपेक्षाही स्पष्ट, माझा आवाज येतो. "शू! खाली बस ना!" तो ऐकला आणि मी बटण बंद केलं. कॅसेट कपाटात साड्यांखाली गेली ती गेलीच.

डिसेंबरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आमच्याकडे ड्रमवाला नव्हता. सुहासला युक्ती सुचली. कीबोर्डमध्ये तयार ठेका असतो, बटण दाबलं की आपोआप वाजतो. तो वापरू. बटण कोणी दाबलं? मी दाबलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. उत्तेजनार्थ! बक्षिसाच्या त्या कपातून सुहास अजून पेनं-पेन्सिली काढतो.

लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी राग कसला? वय झालं, सोडून द्यावं. मी म्हणते, का सोडून द्यावं? हे शहर माझ्या डोळ्यांदेखत असं झालं. वरातीत पितळी वाद्यं होती, तिथे आता ट्रकवर रचलेल्या भिंतीएवढ्या पेट्या येतात आणि एक मुलगा बटण दाबतो. खिडकीच्या काचा हादरतात, शेजारच्या आजोबांच्या छातीत धडधडतं, पोलिसांना फोन करावा तर तिकडे कोणी उचलत नाही. मी गॅलरीत उभी राहून तावातावाने बोलते, काय हा गोंगाट, वाजवणारा माणूसच उरला नाही. आणि बोलता बोलता मीच माझी जीभ चावते. वाजवणारा माणूस आम्ही स्वतःच कॉलर धरून बाहेर काढू दिला होता. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय?

तर, ते 'तिघं' वाचल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, "चौघं होतो." सुहासने विचारलं, "चौथं कोण?" मस्करी नव्हती ती. त्याला खरंच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. मी शाळेत गणित शिकवते. कपाटातून कॅसेट काढली, बाबांचा रेकॉर्डर काढला, त्यात नवे सेल घातले आणि स्वारगेटहून कात्रजची बस धरली. पथकाचं दुकान नाना पेठेतून कात्रजला गेलंय, हे मला माहीत होतं. कसं माहीत, विचारू नका. सत्तावीस वर्षं मी त्या नावाची पाटी बसमधून बघून मान फिरवत आले आहे.

दुकान छोटं. तेच लाल कोट, आता थोडेच. चाचांचा फोटो, त्याला हार. युनूस ड्रमला दोरी आवळत बसला होता. जाड झालाय, चष्मा लागलाय. मला बघून उभा राहिला, क्षणभर बघतच राहिला आणि म्हणाला, "माधवी? ये. कोणाचं लग्न?"

"कोणाचं नाही रे. तुला एक ऐकवायचंय."

त्याने समोरून चहा मागवला. मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि लावला. कॅसेट घरघरली, गर्दी आली, गाणं आलं, थांबलं. एक, दोन, तीन, चार. टक. मग विशीतला युनूस ओरडला, "टेप आहे!" आणि मग मी. माझी मान खाली होती. गाणं पुढे चालू राहिलं, त्यानेच हात लांब करून बंद केलं.

"कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"तेव्हापासून. आठ दिवसांत कळलं होतं मला."

तो दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. मग कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा ती जागा लावली. यावेळी बोटाने टेबलावर ठेका धरून.

"तुझा 'शू' बरोब्बर समेवर आलाय," तो म्हणाला. "घराण्याचं शिक्षण."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणाले, "माफ कर रे. मी नालायकपणा केला." हे वाक्य मी बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं.

"मला त्यांच्या टेपचा राग नव्हता," युनूस म्हणाला. "घरी जाऊन अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, पोटासाठी लोक काय काय करतात, सोड. सोडलं. पण मी फाटकाबाहेर थांबलो होतो, माधवी. दोन गाणी होईपर्यंत. म्हटलं, तुमच्यातलं कोणीतरी येईल."

"अरे, सतरंजी होती..." माझ्या तोंडून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

"हो ना," तो म्हणाला. "सतरंजी होती."

चहा गार झाला होता, तरी आम्ही प्यालो. तिथेच बसून मी ते रेकॉर्डिंग फोनवर घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'चौथा युनूस. तो खरं बोलत होता. मला तेव्हाच माहीत होतं.' पाच मिनिटांनी सुहासचं उत्तर आलं, "जाऊ दे गं, कशाला जुनं उकरतेस? तिकिटं काढलीत, पुढची जागा मिळालीय." मी फोन युनूससमोर धरला. त्याने चष्मा वर करून वाचलं.

"अजून जागाच धरतोय हा," म्हणाला आणि दोरी आवळायला लागला.

त्या कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी युनूसच्या पथकाची धनकवडीत वरात आहे. नऊ जण उरलेत, ड्रम तो स्वतः वाजवतो. निघताना दारात थांबून मी विचारलं, "मी येऊ का ऐकायला?"

"ये की," त्याने मान वर न करता सांगितलं. "फक्त सतरंजी आणू नकोस. आमच्याकडे उभं राहावं लागतं."